वेलांटीचं दत्तकविधान

सत्यशीलाबाई पुठ्ठ्यावर जाहिरात लिहायला बसल्या, तेव्हा जिची जाहिरात होती ती त्यांच्या मांडीवर झोपली होती. बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं : "मांजर दत्तक देणे आहे. वय अंदाजे चार वर्षे. स्वभाव शांत. उंदीर धरते. दूध-भाकरी खाते. शेपटी वाकडी आहे, परंतु तिचा कोणास त्रास नाही."

दीड वर्षापूर्वी शाळेमागच्या कोरड्या हौदात कुत्र्यांनी घेरलेली ही मांजर बाईंनी काठी घेऊन सोडवली होती. मोडलेली शेपटी जुळली ती वेलांटीसारखी, म्हणून नावही वेलांटी. आता मात्र बाईंनाच सोमवारी पुण्याला लेकीकडं जायचं होतं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं, आणि पुढं तिथंच राहणं. राजनंदिनीनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आई, तू ये. मांजर आणू नकोस. ह्यांना केसांनी दम लागतो."

आठ दिवस बाई घरोघर विचारत फिरल्या. सगळ्यांचं उत्तर एकच. "पिल्लू असंल तर द्या बाई. मोठं मांजर घर धरत न्हाई. ह्या वयात कुनाला नवं घर मानवतंय?"

त्रेसष्टाव्या वर्षी पुण्याला निघालेल्या बाईंनी हे ऐकून घेतलं आणि पुढचं दार गाठलं. बुधवारी त्यांनी तो पुठ्ठा दूध डेअरीच्या भिंतीला चिकटवला.

चौतीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंच्या त्या चार ओळींत एकही अक्षर चुकलं नव्हतं. चुकला तो शब्द. "सांभाळायला देणे आहे" असं लिहायच्या जागी त्यांनी "दत्तक" लिहिलं. दहा वर्षांत हे गाव तीन वेळा दत्तक गेलं होतं. दर वेळी पुढारी आले, नारळ फुटला, फोटो निघाला, वेशीवर फलक लागला आणि पुढारी गेले. गाव होतं तिथंच राहिलं. त्यामुळं दत्तक घ्यायचं म्हणजे काहीएक न्यायचं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास बाईंच्या दारात तीन पांढऱ्या गाड्या उभ्या राहिल्या. पहिलीतून रविराजभैय्या उतरले. जिल्हा परिषदेला उभे होते. मागून त्यांचा उजवा हात बंकट उतरला. पन्नाशीचा गडी, पण भैय्यांच्या आधी कधी बसला नव्हता.

"बाई, कुठं हाय आपली मांजर?" भैय्यांनी वाकून पाया पडत विचारलं.

"कणगीवर बसलीय. तुम्ही नेणार तिला?" बाईंना भरून आलं. याला त्यांनी तिसरीत बाराखडी शिकवली होती.

"नेनार कावून? दत्तक घेनार," बंकट म्हणाला. "भैय्याचा मुक्या जनावरावर लई जीव."

बाई घाईनं आत गेल्या. टोपलीत जुनं लुगडं अंथरलं, तिची जर्मलची ताटली ठेवली, कोणत्या वेळी काय खाते ते कागदावर लिहिलं. तोवर बाहेर हलगी वाजली. वेलांटी माळ्यावर पळाली. तिला तिघांनी मिळून खाली काढलं, हार घातला, भैय्यांच्या हातात दिलं. फोटो निघाला. शाल बाईंना मिळाली आणि नारळ मांजरीपुढं ठेवला. तिनं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. मग धूळ उडवत गाड्या निघाल्या.

टोपली घेऊन बाई दुखऱ्या गुडघ्यांनी मागं धावल्या. "अहो, मांजर राहिली."

बंकटनं काच खाली घेतली. "राहू द्या की बाई. दत्तक झाली न्हवं का ती?"

शुक्रवारी पेपरात फोटो आला : "मुक्या जिवाला मिळाला हक्काचा पालक." वेशीवर फलक लागला. त्यात भैय्या पुरुषभर उंच आणि कोपऱ्यात बोटभर वेलांटी. तो फलक बघून बबनरावांच्या घशाखाली घास उतरेना. त्याच जागेला तेही उभे होते.

शनिवारी सकाळी ते वाजंत्री घेऊनच आले.

"बबनराव, तिला रविराजनं आधीच दत्तक घेतलंय," बाई म्हणाल्या.

"त्यानं एकट्यानं कसं घेतलं? समाजाची मांजर हाय ती. आमी काय मेलोत?"

"पण तुम्ही तरी नेणार आहात का?"

बबनरावांना असा प्रश्न आजवर एकाही गावानं विचारला नव्हता. "पहिलं प्रमाणपत्र घ्या बाई," ते म्हणाले. "बाकीचं निवडनूक झाल्यावर बघू."

दुपारी मात्र ज्या माणसाची वाट बघायला हवी होती, ते माणूस आलं. छबुबाई गावाच्या टोकाला कुडाच्या घरात एकटी राहायची. उंदरांनी तिची पायलीभर ज्वारी फस्त केली होती.

"गेली का हो बाई ती मांजर? मी नेनार व्हते. खुरपायला गेलते, आजच कळलं."

"नाही गं. आहे इथंच. घेऊन जा."

वेलांटी आपण होऊन छबुबाईच्या मांडीवर चढली आणि गुरगुरायला लागली. छबुबाई तिच्या कानामागं खाजवत होती. तेवढ्यात तिची नजर बबनरावांनी सकाळी भिंतीला ठोकून गेलेल्या प्रमाणपत्राकडं गेली. विस्तवाला लागावा तसा तिनं हात मागं घेतला.

"ही फलकावरली हाय?"

"हो. पण म्हणून काय झालं?"

"मंग नगं बाई. घरकुलाच्या यादीत नाव हाय माझं. सात वर्सं झाली. उद्या हिला कुत्र्यानं धरलं, तर भैय्याची मांजर मारली म्हनून भैय्या नाव कापतील. त्येंनी न्हाई कापलं तर बबनराव कापतील." तिनं मांजर अलगद खाली ठेवली. "लई गुनाची हाय. पर मोठ्या लोकाची हाय."

बाई तशाच भैय्यांच्या प्रचार कार्यालयात गेल्या. एक ओळ लिहून द्या, एवढंच मागणं होतं. मांजर आमची नाही, कोणीही न्यावी.

"बाई, तुमीच शिकवलंत, दिलेला शब्द मोडू नये," भैय्या म्हणाले. "मतदानाला बारा दिवस राहिलेत. आज मांजर सोडली तर लोक म्हनतील, ज्याला मांजर सांभाळता येईना तो जिल्हा परिषदेचा गट काय सांभाळनार?"

"पण रविराज, तू सांभाळतच नाहीस तिला."

"ते लोकाला कुठं ठाव हाय?"

बंकटनं दारापर्यंत सोबत केली. "राग मानू नका बाई, पर मांजर फोटोतल्यापरीस वाळलेली दिसती. लोक भैय्याला नावं ठिवतेत. जरा दूध वाढवा."

बाईंनी त्या रात्री स्वयंपाक केला नाही. जिवंत मांजर कोणी सोडेना. मग सुटायचा एकच मार्ग उरत होता. रविवारी दिवस उजाडताच त्यांनी वेलांटीला पिशवीत घातलं आणि छबुबाईचं दार वाजवलं.

"छबू, ती मांजर मेली गं. ही दुसरी आहे."

छबुबाईनं पिशवीत बघितलं. "शेपटी तर तशीच हाय."

"बहीण आहे तिची."

"बहिनीची बी शेपटी मोडली?"

"घराण्यातच आहे ते," बाई म्हणाल्या आणि त्यांचे कान तापले. इतकं सरळ खोटं त्या आयुष्यात प्रथमच बोलत होत्या.

छबुबाईनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "ही दत्तक न्हाई ना?"

"नाही. नुसती दिली."

"मंग द्या."

परतताना डेअरीवर बंकट भेटला. मांजर मेल्याचं बाईंनी त्याला सांगितलं आणि विषय मिटला असं समजून त्या सामान बांधायला लागल्या. बंकटनं मात्र जागेवरूनच फोन लावला होता.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर गावानं बाईंचा निरोपसमारंभ ठेवला होता. बाई जरीची साडी नेसून गेल्या. मांडव तोच होता, सतरंज्या त्याच, माइकही तोच. फक्त बाईंच्या फोटोच्या जागी वेलांटीचा होता. डाव्या हाताला भैय्यांचा फलक, "भावपूर्ण श्रद्धांजली". उजव्या हाताला बबनरावांचा, दीडपट मोठा. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बाईही राहिल्या, गुडघे धरून.

मग बबनरावांनी माइक घेतला. "ज्याच्या पदरात मांजर चार दिवस जगली न्हाई, त्याच्या पदरात तुमी गट टाकनार का? चौकशी झालीच पायजे."

भैय्यांनी माइक घेतला. आवाज जड होता. "मांजर माझी व्हती. पर राहत कुनाकडं व्हती, हे अख्ख्या गावाला ठाव हाय. बाई माझ्या गुरू हायेत. मी काही बोलनार न्हाई."

त्यांना बोलायची गरजच नव्हती. सगळ्या माना बाईंकडं वळल्या. बाईंनी तोंड उघडलं. समोर शेवटच्या रांगेत छबुबाई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. बाईंनी तोंड मिटलं.

सोमवारी सकाळी गेवराईच्या बसपाशी बाईंची ट्रंक चढवायला कोणी पुढं झालं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी माणसं तिथं उभी होती. "चार दिस एक मांजर सांभाळता आली न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं, "आन आपली लेकरं ह्यांच्याकडं धाडलीवती."

अडीच महिन्यांनी, पुण्यात काठी घेऊन चालायला शिकत असताना, बाईंना छबुबाईचा फोन आला. कोणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होती.

"गुडघं कसं हायेत बाई?"

"बरे आहेत. तुझ्या घरकुलाचं काय झालं?"

"यादीत नाव हाय की. दोघंबी पडले, तिसराच आला. पर ते दोन फलक मी उतरवून आनले. बबनरावांचा लई मोठा निघाला, सगळं छप्पर झाकलं. भैय्याचा खाली आंथरला."

"आणि वेलांटी?" बाईंनी आवाज दाबून विचारलं.

"कोन वेलांटी? ती तर मेली. तुमीच मारली म्हनतेत सगळे." छबुबाईनंही आवाज दाबला. "तिची बहीन हाय. खुशाल हाय. एवढा मोठा फलक आंथरलाय, पर रोज जाऊन भैय्याच्या तोंडावरच झोपती."