पाटावरची सीडी

खंडेनवमीच्या सकाळी लालासाहेबांनी एवढंच ठरवलं, की पूजेआधी घरचा कॉम्प्युटरही जरा अपडेट करावा. हत्यारं घासूनपुसून मांडतात, मग यालाच का पारोसा ठेवायचा? लालासाहेब कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. घरचा कॉम्प्युटर ज्यावर चाले ते लिनक्स त्यांनी मासिकांबरोबर आलेल्या सीड्यांवरून घरीच, ठेचकाळत शिकलेलं. नव्या सीडीतली सगळी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी, त्यांनी एका दमात चढवली. जुनी सीडी सेवानिवृत्त झाली, म्हणून पाटावर पक्कड, पाने आणि विळीच्या शेजारी मानानं मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि घराला बजावलं, "उद्या उत्तरपूजा होईस्तोवर यातल्या कशालाबी हात लावायचा न्हाई."

"आवं, पण विळी?" अंजनानं विचारलं. "दुपारी वाईचं पाव्हणं यायचं हाईत. भाजी काय दातानं चिरू?"

"रीत म्हंजे रीत."

शेजारच्या रंगूबाईंची विळीही पूजेतच होती. अंजना गवारी मोडायला बसली.

पाहुणे येणार होते ते तिच्या भावाला, सिद्धूला, बघायला. आधीची दोन स्थळं फिरली होती. म्हणून या खेपेला त्याची माहिती कॉम्प्युटरवर इंग्रजीत छापून द्यायची, असा शब्द लालासाहेबांनी दिला होता. (कोणी मागितला नसताना.)

प्रिंटर करकरला. कागदावर चांदण्या, टिंबं आणि तिरप्या रेघा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेल्या.

"दाजी, ह्यात माजं नाव कुटं हाय?" सिद्धूनं विचारलं.

"दम धर रं."

लालासाहेबांनी केबल काढून पुन्हा लावली. मग प्रिंटरचंच बटण दाबून त्याच्या पोटातलं चाचणीचं पान काढलं, तर अक्षरं सुबक उमटली. म्हणजे प्रिंटर निर्दोष. मग सकाळी चढवलेलं एकेक पॅकेज ते तपासत बसले. मानेला रग लागली, चहा दोनदा गार झाला, तेव्हा कुठं चोर सापडला. कॉम्प्युटरमधला मजकूर प्रिंटरला त्याच्या भाषेत सांगणारं पॅकेज नवं आलं होतं, आणि त्याला हा जुना प्रिंटर ओळखूच येत नव्हता. (कारखान्यात नवे साहेब आले, की लालासाहेबांचंही असंच होई.) उपाय सोपा होता. जुनं पॅकेज परत घालायचं.

ते जुन्या सीडीवर होतं.

लालासाहेब पाटासमोर बसले. हळूच हात पुढं केला.

"हात लावायचा न्हाई!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अगं, हिला कुटं धार असती?"

"सकाळी हत्यार व्हतं न्हवं? गवारी मोडून बोटं हिरवी झाली माजी. रीत म्हंजे रीत."

"तुज्याच भावाचं लगीन हाय!"

"म्हणूनच. देवाचं मोडून त्याचं जुळवू नगासा."

सिद्धूनं फुलस्केप घेतला आणि स्वतःची माहिती हातानं, मराठीत लिहून काढली.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी कागद दोनदा वाचला. "अक्षर झ्याक हाय. असं हातानं निगुतीनं लिवणारं पोरगं संसारबी निगुतीनं करील. आमचा होकार समजा."

सिद्धूचे कान लाल झाले. अंजनानं पदर डोळ्यांना लावला. पाहुण्यांनी जाता जाता पाटाला हात जोडले आणि कुंकवानं माखलेल्या सीडीकडे बोट केलं. "ही चकाकती चकती कसली?"

"आमच्या ह्यांचं हत्यार," अंजना म्हणाली.

"व्हय? काय काम करतंय ते?"

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात अजून चांदण्यांचे कागद होते.

"काम अजून दिसलं न्हाई," ती म्हणाली. "पूजा तेवढी ह्यांनी येळेवर केली."