पाचवा झाला, चार बाकी

दुपारी तीनच्या सुमारास बाइंडरने आपल्या मुलीच्या वहीचा जुना पुठ्ठा ओढून काढला आणि आतून एक चिठ्ठी खाली पडली. दुसऱ्याच्या कागदात डोकं घालायचं नाही, हा त्याचा धंद्यातला नियम. कोर्टाच्या फायली, डॉक्टरांच्या नोंदवह्या, कुणाकुणाची खासगी पत्रं त्याच्या हाताखालून गेली होती. एकाही ओळीवर त्याने नजर ठरू दिली नव्हती. पण अक्षर पोरीचं आणि पोर घरची, म्हणून नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

"चष्मिश," चिठ्ठीत लिहिलं होतं, "दिवस गेले. पाचवा महिना झाला, चार बाकी. बाई म्हणतात काढून टाक, पण मी ठेवणार. यात तुझाही अर्धा वाटा आहे, विसरू नकोस. बाबांना कळू देऊ नकोस."

शेगडीवरची खळ करपली. त्याला वास आला नाही.

दुकानामागेच घर. बायको गणवेशाला इस्त्री करत होती. बाइंडर दारात उभा राहिला आणि त्याच्या भल्यामोठ्या पोटातून नुसती हवा बाहेर आली. "अगं, आपल्या हिला..." एवढंच तो म्हणाला. हिला काय, असं तिने तीनदा विचारलं. "तेच ते," तो म्हणाला. तेच म्हणजे काय ते कळेना, तेव्हा त्याने चिठ्ठीच पुढे केली.

बायको वाचून खाली बसली. मागच्याच महिन्यात तिने हा गणवेश दोन बोटं सैल केला होता. पोर महिनाभर शाळेतून तासभर उशिरा येत होती. जेवायला बसली की दोन माणसांचं जेवत होती. आजवर या तीन गोष्टी घरात तीन ठिकाणी पडून होत्या; आता त्या एकाच दोऱ्यात शिवल्या गेल्या. आणि चष्मिश? फोनवर सारखं तेच. चष्मिशने सांगितलं, चष्मिशने विचारलं, चष्मिशने आणलंय. या 'ने'वरून मुलगा की मुलगी काहीच कळत नाही, हे त्या घटकेला दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

दोघं तशीच शाळेकडे निघाली. बायकोच्या पायात एक चप्पल तिची, एक त्याची. त्याच्या हातात खळीचा ब्रश होता, आणि तो त्याने तलवारीसारखा धरला होता.

बाइंडर त्या शाळेत साधा पालक नव्हता, पालक संघाचा अध्यक्ष होता. विज्ञानाच्या नव्या पुस्तकात माणसाच्या जन्माचा दहा पानांचा धडा आला, तेव्हा बाकीचे पालक नुसते कुरकुरले. याने काम केलं. वर्गाची बासष्टच्या बासष्ट पुस्तकं दुकानात मागवली आणि धडा असा चिकटवला की पान एकशे अकरा उलटलं की मागे थेट एकशे बावीस. सांधा शोधून सापडणार नाही. विज्ञानाच्या बाई तणतणल्या, मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि बाइंडरला त्या दिवशी आपल्या हातकामाचा फार अभिमान वाटला होता.

आज त्याच मुख्याध्यापकांसमोर तो उभा होता. "मुलीचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

"गणिताचा?"

"नाही. त्याच्या पुढचा."

"भूगोल का?"

शेवटी चिठ्ठी टेबलावर आली. मुख्याध्यापकांनी ती दोनदा वाचली, उठून खिडकी लावली आणि शिपायाला हळू आवाजात सांगितलं, "चष्मिश म्हणतात त्याला घेऊन ये."

शिपाई घेऊन आला ती दोन वेण्यांची, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांची मुलगी.

"ही नव्हे," बाइंडर म्हणाला. "तो."

"चष्मिश मीच आहे, काका. शाळेत एकच आहे."

बाइंडरने तिच्याकडे बघितलं. वाटेत त्याने मनात एक सबंध मुलगा उभा केला होता, उंची, मिशी, सायकल सगळ्यासकट. तो आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना. अर्धा वाटा हिचा कसा?

"ती प्रयोगशाळेत आहे," चष्मिशने सांगितलं. "चला ना. फक्त हात लावू नका, पाचव्याचे पाय अजून ओले आहेत."

बायकोने दाराची चौकट धरली.

प्रयोगशाळेत त्यांची पोर कोपरापर्यंत लगद्यात बुडालेली होती. टेबलावर कागदी लगद्याच्या पाच वाट्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीत एक बाळ. पहिल्यातलं मसुराच्या दाण्याएवढं, पाचव्यातलं अंगठा तोंडाशी नेलेलं. पुढे चार चिठ्ठ्या नुसत्याच चिकटवलेल्या: सहावा, सातवा, आठवा, नववा. बाइंडरला आधी आपली खळ वासावरून ओळखू आली, मग लगद्यातली आपल्याच दुकानाची निळी कातरण.

बाकीचं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. उद्या प्रदर्शन. नमुना दोघींचा अर्धा-अर्धा, आणि तो पुरा करून द्यायचे दिवस काल गेले. नियम म्हणून यादीतून नाव काढून टाक म्हटलं, तर ही ऐकत नाही. मुदत वाढवायची तर अध्यक्षांची सही लागते, आणि अध्यक्षांना कळू नये म्हणूनच तर ती महिनाभर शाळा सुटल्यावर थांबत होती.

बायको रडता रडता हसायला लागली. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. बाइंडरचा आवाज मात्र आता परत आला होता, आणि त्याला तो वापरायचा होता. असल्या वस्तू मुलींनी करायच्या का, असं काहीतरी त्याने सुरू केलं.

"मागच्या वर्षी एक मुलगी मधेच शाळा सोडून गेली," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वह्या बांधायला यायची. आठवते?"

त्याला आठवत होती. पुठ्ठ्यावर पाखरू काढून द्या म्हणायची.

"पाच महिने तिला वाटत होतं, पोट बिघडलंय. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि काय विचारायचं तेही तिला माहीत नव्हतं."

बाइंडरने ब्रश टेबलावर ठेवला. वाकून त्याने पाचव्या वाटीत बघितलं. मग त्याला एकदम आपलं काम आठवलं.

"पण धडा तर चिकटवलेला होता. तुला हे सगळं कळलं कुठून?"

पोरीने खाली मान घातली. "किटलीच्या वाफेवर धरलं की खळ सुटते. तुम्हीच शिकवलंत ना, बाबा. पहिल्याच आठवड्यात सगळी सोडवली."

"सगळी?"

"बासष्ट."

बाईंनी शांतपणे भर घातली, की बाकीचे धडे वर्गात कुणी उघडून बघत नाही. हा एक सगळ्यांना पाठ आहे.

बाइंडरने सहीसाठी हात पुढे केला. सही जरा चिकट आली. बाहेर पडताना पोरीने विचारलं, की दिवस गेले यात एवढं धावत येण्यासारखं काय होतं? त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने बाईंकडे. "हे धड्यात नाही," बाई म्हणाल्या. "हा घरचा अभ्यास."

औषधाचं दुकान ते सायकल दुरुस्ती, एवढ्या अंतरात त्याने तिला ते सांगितलं. सदरा पाठीला चिकटला.

"एवढंच?" पोर म्हणाली. "मग गरोदर म्हणायचं ना सरळ. पुस्तकात दिलंय."

घरी येताच त्याने शेगडीवर नवी खळ चढवली. चार महिने एका संध्याकाळीत वाळवायचे, तेही तडा न जाता, हे काम दोन पोरींचं नव्हतं. तिथे जुना हातच हवा. पोरीने कातरण भिजवली, मागोमाग आलेली चष्मिश पुस्तकातली आकृती धरून माप सांगत राहिली, आणि बाइंडर मांडी घालून, ओलं बाळ पोटाशी धरून त्याची बोटं कोरायला बसला.

तेवढ्यात कोर्टातले कारकून रजिस्टर न्यायला आले. आजचा वायदा होता, काम झालं का, त्यांनी विचारलं.

"उद्या या," मान वर न करता बाइंडर म्हणाला. "आज जमायचं नाही. सातवा लागलाय."

कारकुनांनी एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी पंखा थोडा वाढवला.