दोन्हींत तांदूळच

स्तमातियाने भरल्या टोमॅटोचं झाकण उचललं, आत बोट घालून चाटलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. आत खिमा होता. तारीख होती आठ ऑगस्ट. पंधरा तारखेच्या देवमातेच्या सणापर्यंत उपास, अख्ख्या ग्रीक बेटावर मांस, चीज, दूध, अंडं सगळं वर्ज्य. आणि बाहेर अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, गावचे पाद्री पापा-थिमियोस मांडीवर रुमाल पसरून बसले होते.

सकाळी तिने स्वतःच्या हातांनी टोमॅटोत आणि ढोबळ्या मिरच्यांत तांदूळ, कांदा, पुदिना भरून ट्रे बेकरीच्या भट्टीवर दिला होता. या उकाड्यात घरचा ओव्हन पेटवायचा म्हणजे आपणच भाजून निघायचं, म्हणून अर्धं गाव आपले ट्रे तिकडेच धाडतं. भट्टीवाला म्हणालाही होता, "नावाची चिठ्ठी लावू का?" त्यावर बाई म्हणाल्या, "माझा ट्रे मी डोळे मिटून ओळखते." आणि ओळखलाही तो तसाच, डोळे मिटून.

दुसरी कोणी असती तर "बदलला हो चुकून" म्हणून मोकळी झाली असती. पण सणाच्या दिवशी देवळापुढे शिजणारा गावजेवणाचा मोठा हंडा कोणाच्या हाती द्यायचा, हे पापा आज सांगणार होते, आणि त्या मानासाठी स्तमातिया बारा वर्षं झुरत होती. शिवाय गेल्या उपासात शेजारच्या ख्रिसूलाला चीज खाताना पकडून तिने भर चौकात तिची बिनपाण्याने केली होती. ती ख्रिसूला आज पापांच्या शेजारीच बसली होती. तिला खिम्याचा एक कण दिसला असता, तर संध्याकाळपर्यंत बेटावरच्या शेळ्यांनासुद्धा बातमी कळली असती.

स्तमातियाने नवऱ्याला, सारांदिसला, स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, पळा! आपला ट्रे भट्टीवरच राहिला असेल."

"मग हा कोणाचा?"

"असेल कोणा धर्मबुडव्याचा!"

"वास मात्र झकास येतोय गं. एखादा खाऊन..."

"जाता की नाही?"

तो गेला. इकडे तिने ऑलिव्ह नेले, काकडी नेली, चवळीची कोशिंबीर नेली, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस नेला, तो उपासाला चालतो. ऊझो, म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, तिच्यात पाणी घालून पांढरेधोट ग्लास दोनदा भरले. तरी नवऱ्याचा पत्ता नाही, तेव्हा तिने कलिंगडही कापून आणलं.

"कलिंगड?" ख्रिसूलाने भुवया उंचावल्या. "जेवणं झाली वाटतं आपली? मला कळलंच नाही बाई."

"पोटाला थंड असतं," स्तमातिया म्हणाली.

"पोट केव्हाचं थंडच आहे, पोरी," पापा म्हणाले. "तुझे टोमॅटो येऊ देत आता. सकाळपासून त्यांच्याच आशेवर आहे मी."

ती आत धावली. सारांदिस मागच्या दाराबाहेर उभा होता, नखशिखांत भिजलेला; ती त्याच्याकडे गेली.

"भट्टी बंद. दुपारचा झोपलाय तो. खिडकीवर खडा मारला, तर त्याच्या आईने वरून बादली ओतली."

आता एकच मार्ग होता: ट्रे घेऊन पायरीवर घसरायचं आणि सगळं जमिनीवर. हाडं मोडली तर मोडली, अब्रू तरी राहील. मनाचा हिय्या करून ती ओट्याकडे वळली. ओटा रिकामा होता.

"किती दमशील गं," अंगणातून ख्रिसूलाचा आवाज आला. "म्हटलं, मीच नेते!"

स्तमातिया दारातच थिजली. पापांनी टेबलावर हाताने क्रुसाची खूण केली, एक टोमॅटो घेतला, घास घेतला. चावणं थांबलं. त्यांनी ट्रेकडे टक लावून पाहिलं. मग पुन्हा सावकाश चावायला लागले.

"तांदूळ," ते म्हणाले, "छान शिजलाय."

ख्रिसूलाने घास घेतला. ती चमकली, तिने तोंड उघडलं, पापांकडे पाहिलं. पापा तिच्याकडेच बघत होते.

"दाणा न् दाणा मोकळा झालाय," ख्रिसूला म्हणाली आणि तिने आणखी दोन वाढून घेतले.

स्तमातियाने स्वतः चाखून पाहिलं. खिमाच, शंकाच नको. पण पापा बोटं चाटत म्हणाले, "यंदाचा हंडा तुझ्याकडे हं, पोरी," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देव पावला तो असा का पावला, हे विचारायचं तिने टाळलं.

तेवढ्यात फाटक करकरलं. पापांची बायको, अनेझिनी (इथल्या पाद्र्यांना लग्नाची मुभा असते), धापा टाकत आत आली. हातात झाकलेला ट्रे.

"स्तमातिया, घोटाळा झाला गं! हा तुझा ट्रे. आमचा समजून संध्याकाळसाठी घरी आणलेला, म्हटलं चाखून बघावं, तर नुसता तांदूळ! म्हणजे आमचा..."

तिची नजर टेबलावर गेली. तिथून नवऱ्याच्या तेलकट दाढीवर गेली आणि तिथेच राहिली. पापांचा चेहरा लालबुंद झाला. ख्रिसूलाने काटा खाली ठेवला. सगळे स्तमातियाकडे बघू लागले, कारण उपासाच्या बाबतीत या गावात शेवटचा शब्द तिचाच असे.

स्तमातियाने खुर्ची पुढे ओढली.

"बसा हो. कसला घोटाळा? दोन्हींत तांदूळच आहे."

"तांदूळच," ख्रिसूला म्हणाली.

अनेझिनीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच बसली.

"कुठला वाढू?" स्तमातियाने विचारलं.

अनेझिनीने स्वतः आणलेला, तांदळाचा भरला ट्रे बाजूला सारला.

"तो संपत आलाय," ती म्हणाली. "आधी त्यातलाच वाढ."