जिनिंगमधली आगीची कवायत

“तुम्ही घोर करू नका शेठ, आगीपासून बचावाचा आराखडा मी करतो. त्यात आहे काय!” योगराज नाना बोलून गेले आणि लगेच मागे वळून बघू लागले. हे वाक्य मागून दुसरंच कोणी बोललं असावं, असं त्यांना वाटलं. मागे नुसती भिंत होती!

धरणगावजवळच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये नाना जुने कारकून. माणूस भिडस्त. पुस्तकात डोकं घातलं की सुखी, चार माणसांत आला की कासव! पण मालक प्रेमराज शेठनी शब्द पकडला.

“बघा हं नाना! जळगावहून आगीच्या तपासणीला मॅडम येणार आहेत. नापास झालो तर ऐन हंगामात कुलूप. मजूर घरी, मी घरी, आणि तुम्ही तर कायमचे घरी!”

त्या दिवसापासून नानांना धड बसवेना. मिळतील ती पुस्तकं वाचली. वाळूच्या लाल बादल्या टांगल्या, आग विझवायचे सिलिंडर लावले, जमिनीवर फाटकापर्यंत पांढरे बाण रंगवले, फाटकाबाहेरच्या लिंबाखाली ‘येथे जमावे’ अशी पाटी ठोकली. चुकलं तर नाही ना, म्हणून बाणांवरून स्वतः चालून पाहिलं. शंका आली, पुन्हा चालले. वॉचमनला वाटलं, नानांचं काहीतरी हरवलंय.

मग तालीम. नानांनी घंटा वाजवली. कोणी हललं नाही!

“अहो, पळा ना...” नाना हळूच म्हणाले.

“कसाले पळानं नाना?” मुकादम सुकदेव हसला. “आग ना धूर! खोटंखोटं पळाले लाज वाटस!”

नानांना ते पटलं. त्यांना कोणाचंही पटायचं. त्यांनी ठरवलं, तपासणीच्या दिवशी कापसापासून लांब, आवारातल्याच मोकळ्या मैदानात, कपाशीच्या काड्यांचा खराखुरा जाळ करायचा. इथेच घात झाला! थंडीच्या दिवसांत खानदेशी माणसाला काड्यांचा जाळ दाखवणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून ‘नुसतं बघ हं’ म्हणणं!

“नाना,” कापसातला कचरा निवडणारी गुंताबाई म्हणाली, “इतला जाळ वाया जाई! भरीतना चार वांगा टाकू का?”

नाही म्हणायला नानांना जन्मात जमलं नव्हतं. “टाका... पण मॅडमना दिसू देऊ नका.”

तपासणीला सारिका मॅडम आल्या, तोवर चार वांग्यांचं पोतं झालं होतं! काड्या धडाडून पेटल्या, नानांनी घंटा बडवली आणि अख्खी जिनिंग धावत सुटली. थेट आगीकडे!

“काका, ही माणसं उलटी का धावतायत?” मॅडमनी विचारलं.

“ती... जरा उत्साही आहेत.”

कोणी मिरच्या आणल्या, कोणी लसूण. एका लाल बादलीत तर वाळूऐवजी धुतलेली कांद्याची पात निघाली! पाणी घेऊन आलेल्या गड्याला गुंताबाईनं दांडकं आडवं घातलं. “पाणी टाकशी तं दख! वांगा कच्चा शेतस!”

शेठचं तोंड भाजल्या वांग्यासारखं काळं पडलं. “नाना, काहीतरी करा!”

नानांची नुसती तगमग. वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतलं एकच वाक्य आठवलं: पिन ओढा, आगीच्या बुडाशी मारा. त्यांनी सिलिंडर उचलला, पिन ओढली, डोळे मिटले. फस्सऽऽ!

डोळे उघडले, तर जाळ विझलेला आणि वांगी पावडर थापून बसलेल्या वऱ्हाड्यांसारखी पांढरीफटक!

तोच गुंताबाईचं दांडकं वर झालं.

“नानाऽऽ! मना वांगा!”

नाना पळाले! घाबरल्या जिवाला दुसरी वाट सुचेना, पायांना बाण पाठ होते. मागे गुंताबाई, तिला आवरायला सुकदेव, गंमत बघायला बाकीचे सारे आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत शेठ. लिंबाखाली पोहोचून नाना पाटीच्या खांबाला मिठी मारून उभे राहिले. झालं, उद्यापासून आपण कायमचे घरी!

मॅडम हातातलं घड्याळ बघत आल्या. “आग विझली, रस्ता बरोबर, एकही माणूस आत राहिला नाही. आणि तेही इतक्या झटपट! पास!”

“म्हणजे... आराखडा बरोबर आहे?” नानांचा विश्वासच बसेना.

“उत्तम आहे. फक्त ती घंटा काढून टाका, तिला कोणी जुमानत नाही. दर तीन महिन्यांनी कवायत घ्यायची आणि काका, तुम्हीच पुढे पळायचं!”

नानांनी काही बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात गुंताबाई दांडकं टेकून म्हणाली,

“काळजी नका करा मॅडम, मांगे मी शे ना!”