अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस सुखरूप

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या मंगलदीप अपार्टमेंटला मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ठीक दहा वाजता आग लागणार होती. तशी नोटीस जिन्याखाली आठ दिवस आधीच डकवली होती. आगीनंतर तर्री-पोह्यांची सोय होती.

आग अर्थातच सरावाची होती. पण सोसायटीचे सचिव भैय्याजी कामाला पक्के. पोहे संपले की लोक पसार होतात आणि सह्या राहून जातात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. म्हणून 'सुखरूप बाहेर काढलेल्या रहिवाशांची यादी' त्यांनी शनिवारीच दारोदार फिरवली. आग लागायच्या एक दिवस आधीच अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जण सुखरूप बाहेर पडले.

दहाला भोंगा झाला. नियम पहिला : मेन स्विच बंद करणे. भैय्याजींनी तो बाणेदारपणे बंद केला. नेमक्या त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या बहात्तर वर्षांच्या सिंधूताई लिफ्टनं खाली पोह्यांकडे निघाल्या होत्या. लिफ्ट मध्येच अडकली.

"भैय्याजी! मी लिफ्टमंदी अटकली ना गा!"

भैय्याजींनी यादी उघडली. "सिंधूताई, नंबर सत्तावीस. तुमी तं खाली आहा. सही आहे तुमची."

"खाली असती तं वरून कायले बोंबलली असती मी?"

प्रकरण निरीक्षक शोभाताईंकडे गेलं. त्या अग्निसुरक्षा स्पर्धेच्या तपासणीसाठी खास आल्या होत्या. त्यांनी नियमपुस्तिका चाळली. "आगीत लिफ्ट वापरण्यास मनाई आहे. त्याअर्थी लिफ्टमध्ये कोणी असू शकत नाही."

"मंग मले जखमी म्हणून घ्या!"

"जखमी तीनच मंजूर आहेत," शोभाताई म्हणाल्या. त्या तिघांपैकी एक, कपाळाला कुंकवाचं पाणी फासून पडलेल्या बेशुद्ध अंकुशनं मान हलवून दुजोरा दिला.

बाहेर पंचेचाळीस अंश. लिफ्टची तर भट्टीच झाली होती. पण सिंधूताई नागपूरच्या. मे महिन्यात पिशवीत कांदा टाकल्याशिवाय त्या शेजारीसुद्धा जात नाहीत. पिशवीत पाण्याची बाटली होती, दुपट्टा होता, गूळ-फुटाणे होते आणि सकाळच्या फिरण्यात कुत्री हाकलायची शिट्टीही होती. त्यांनी दुपट्टा भिजवून डोक्यावर घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि दोनदा शिट्टी फुंकली.

नियम सातवा : दोन शिट्ट्या म्हणजे धोका टळला. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. अंकुश शुद्धीवर येऊन पोह्यांच्या रांगेत पहिला उभा राहिला. आता फक्त मेन स्विच सुरू करायचा होता. पण त्याला निरीक्षकांची सही लागते आणि निरीक्षकांची बोटं तर्रीत बुडाली होती.

पोहेवाल्या धम्मानंदनं झारा थांबवून कान टवकारले. "वर कोणी दार ठोकून राहिलं का?"

"छे! सारे खाली आहेत," भैय्याजींनी यादी दाखवली.

"माहं नाव नाही न यादीत. म्हणून मलेच ऐकू येऊन राहिलं असंल." असं म्हणत धम्मानंद जिन्याखाली गेला आणि त्यानं स्विच वर केला.

लिफ्ट खाली आली. घामानं निथळत, हातात कांदा घेऊन सिंधूताई बाहेर पडल्या. "मेली असती ना गा मी!"

"पण वाचल्या न?" भैय्याजी आनंदानं जवळजवळ नाचलेच. "मंग यादी बरोबरच होती माही!"

सत्तावीस नंबरची प्लेट तोवर कोणीतरी खाऊन टाकली होती. सिंधूताईंना हे मात्र खरोखर लागलं.

यथावकाश मंगलदीपला पहिला क्रमांक मिळाला आणि धम्मानंदला विनापरवाना बचाव केल्याबद्दल नोटीस. भैय्याजींची आगाऊ सह्यांची पद्धत इतकी पसंत पडली, की आता ती सगळीकडे लागू झाली आहे.

तुमच्याकडे आली नाही म्हणता? परवा सकाळी तुम्ही चहा घेत होता, तेव्हा दारात कोणीतरी कागद घेऊन उभं होतं. आठवून बघा. एका हातात कप सांभाळत तुम्ही एवढंच विचारलंत, "सही कुठं करायची?"