खलफान कहवा पीत होता तेव्हा

मे महिन्यात टोमॅटो पिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी तेव्हा गावभर सांगत फिरत होतो. बाहेर त्रेचाळीस डिग्री! आमच्या ओमानात शहाणा माणूस टोमॅटो थंडीत लावतो आणि उन्हाळा लागला की झाडं उपटून मोकळा होतो. पण मस्कतच्या कचेरीत तीस वर्षं फायली सांभाळून गावी परतलेला माणूस शहाणा असेलच कशावरून?

मी खजुरीच्या दाट सावलीत वाफे केले, वर बायकोच्या जुन्या ओढण्या ताणून बांधल्या. पाटाच्या पाण्याची माझी पाळी असली की उजाडायच्या आत फावडं घेऊन हजर! फळं किती धरली? बत्तीस! रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचो.

"अहो शम्साचे बाबा," झुवेना म्हणायची, "पोरगी लहान होती तेव्हा तिच्याकडे इतकं पाहिलं असतंत तर!"

तिला काय सांगू? शुक्रवारी शम्साचे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. व्याही मोठे बागायतदार. लग्नात त्यांनी मला चारचौघांत विचारलं होतं, "कारकुनी संपली, आता काय माश्या मारणार?" ते मला अजून सलत होतं. मी झुवेनाला बजावलं, "बाजारातून एक टोमॅटो आणलास तर बघ! ताटात घरचेच पडणार!"

गुरुवारी सकाळी शेजारचा खलफान दारात उभा. माझ्या बागेची सगळ्यात जास्त टिंगल करणारा हाच! वयानं मोठा, रीतीभातीला भलताच काटेकोर. आज मात्र धापा टाकत होता आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी मनात म्हटलं, आला! शरण आला!

"खबर काय, खलफानभाऊ?"

"खबर नाही. सगळं ठीक. तुमच्याकडे?"

"सगळं ठीक!"

हे ठरलेलं. घराला आग लागली असली तरी आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं उत्तर हेच. मग खजूर, मग कहवा, मग यजमान पुन्हा एकदा खबर विचारतो आणि तेव्हा पाहुणा खरं काय ते बोलतो. मला हे लहानपणापासून पाठ. पण त्या दिवशी मलाच इतकं बोलायचं होतं की ते दुसऱ्यांदा विचारणं राहूनच गेलं!

"सावली, खलफानभाऊ! सगळी करामत सावलीची!" मी कहवा ओतत सुरुवात केली.

"ते खरं, पण..."

"पण ऊन? अहो, ते आत येतंच कुठे!"

खलफाननं कहवा एका घोटात संपवला आणि रिकामा पेला हलवला. म्हणजे पुरे. एकाच पेल्यात पुरे? माझ्या घरी? मी तो पुन्हा काठोकाठ भरला.

तेवढ्यात आतल्या दारावर टकटक झाली. पुरुषांच्या बैठकीत झुवेना येत नाही. कहवा तयार झाला की दार वाजवते.

"आण, आण!" मी ओरडलो.

टकटक आणखी जोरात!

"अगं, हलवापण आण!"

बराच वेळ काही नाही. मग दार किलकिलं झालं आणि हलव्याचं ताट असं आत आलं की थेट माझ्या नडगीवर आदळलं. बिचारीची किती धावपळ! मला अगदी भरून आलं.

"हमूदभाऊ," खलफान काकुळतीला आला, "तुम्ही मला काही विचारणार होतात का?"

"विचारायचं तुम्ही! लाजू नका. बी हवंय ना? देतो!"

असे पाच पेले झाले. खलफान पेला घंटेसारखा हलवत होता. शेवटी माझाच घसा कोरडा पडला, म्हणून मी सहज म्हणालो, "बरं, आणखी काय खबर?"

खलफान ताडकन उठला. "तुमचा बोकड टोमॅटोत शिरलाय!"

"काय? कधी?"

"मी निघालो तेव्हा दुसरं झाड चाललं होतं!"

मी अनवाणी पळालो. शुक्रवारच्या जेवणासाठी आणलेला तो बोकड मीच बांधला होता, फाइलीची नाडी बांधतात तशी गाठ मारून. ओढण्या मातीत लोळत होत्या. झाडांची नुसती बुडखी उरली होती. मधोमध बोकड उभा, दाढीला लाल रस. फळ म्हणून एक नाही! मी तिथेच बसकण मारली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

"दार बडवून हात दुखले माझे!" मागून झुवेना कडाडली.

"मग तू हाकलायचंस त्याला!"

"गेले होते की! शिंगं रोखून माझ्यावरच धावला!"

"मग बैठकीत येऊन सांगायचं!"

"आणि खलफानभाऊंनी गावभर केलं असतं, हमूदच्या घरात रीत उरली नाही म्हणून!"

शुक्रवारी बोकड भातावर चढून ताटात आला. व्याही जेवले, बोटं चाटली, पुन्हा वाढून घेतलं. "वा, हमूदभाऊ! असं गोड मटण जन्मात खाल्लं नाही. याला घालता तरी काय?"

अशी संधी पुन्हा कुठली यायला! मी छाती काढून म्हणालो, "माझ्या बागेतले टोमॅटो! बत्तीस!"

व्याह्यांना हसता हसता ठसका लागला. "मे महिन्यात टोमॅटो? कचेरीत थापा मारायला बरे शिकलात हो!"

नशीब माझं, पंगतीत खलफान होता. मी त्याच्याकडे वळलो. "खलफानभाऊ, सांगा यांना! तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?"

खलफाननं घास सावकाश गिळला आणि व्याह्यांकडे वळून अदबीनं म्हणाला, "मी पाहिला तो नुसता बोकड."