हिराकाकूंची पुढची शीट

"बाय, तुमचा इमान माज्या शेतान उबा हाय."

विमानतळाच्या काउंटरवर हिराकाकूंचं पहिलं वाक्य हे असतं. आधी नमस्कार नाही, तिकीट नाही, आधार कार्ड नाही. थेट जमिनीचा मुद्दा. समोरची मुलगी दचकते. काहीतरी कोर्टाचं प्रकरण आलं, असं तिला वाटतं. मग काकू खुलासा करतात. नवा विमानतळ झाला त्या जागेत त्यांचं गाव होतं, भाताची खाचरं होती, आणि काकूंच्या अंदाजाने धावपट्टीचा एक कोपरा म्हणजे त्यांचंच शेत. "तवा मला मागची शीट नको. पुढं काय हाय ते दाव."

काकू पनवेलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नऊवारी, अंगावर ठसठशीत सोनं आणि आवाज असा की आमची बेल त्या कधी वाजवत नाहीत. गरजच पडत नाही. मिळालेल्या वस्तूवर समाधान मानणं त्यांना मुळात मान्य नाही. खानावळीत गेल्या की पंख्याखालचं टेबल मागतात, आणि ते मिळालं की पंखा वाढवायला सांगतात. एकदा माझ्या आईबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. बाहेरच्या बाकावर ढेकूण असावेत असं जाहीर करून त्यांनी आईला थेट डॉक्टरांच्या केबिनमधल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. आई लाजेने अर्धी झाली. काकू म्हणाल्या, "इचारायला काय पैसं पडतात?" हे त्यांचं ब्रीदवाक्य.

त्यांचे यजमान नामाकाका याच्या अगदी उलट. चहात साखर नसली तरी गुपचूप पिणार. लिफ्टमध्ये भेटले तर हसतात, आणि मजला आला की पुन्हा हसतात. घरी येणाऱ्या पाहुण्याने "काका, कसे आहात?" विचारलं की उत्तर आतल्या खोलीतून काकू देतात. आम्हाला वाटायचं, या बाईने बिचाऱ्याला बोलायला जागाच ठेवली नाही.

त्यांची मुलगी बंगळुरूला असते. मलाही तिकडे कंपनीचं काम निघालं, म्हणून आम्ही तिघे एकाच विमानाने निघालो. काउंटरवर ठरल्याप्रमाणे शेताचा विषय निघाला. मी ओळख नसल्यासारखा बॅगेचा पट्टा आवळत राहिलो. मुलीने साहेबांना बोलावलं. साहेब तरुण आणि हसरे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकांच्या हातातली काठी पाहिली आणि म्हणाले, "आजी, पुढच्या वर्गात एक सीट रिकामी आहे. देतो."

"एक? आमी दोगं हाव."

"एकच आहे, आजी."

आता काकू एकीचं दीड तरी करून घेणार, अशा तयारीने मी उभा होतो. पण त्यांनी काकांच्या काठीकडे पाहिलं. "डोकऱ्याला दे," त्या म्हणाल्या. "गुडघ्याचं आपरेशन झालंय त्याचं."

काकांनी मान हलवली. "नको."

"गप ऱ्हा. पाय लांब करून बस."

काका पुढच्या वर्गाच्या पडद्यापलीकडे गेले, काकू माझ्याशेजारी मधल्या सीटवर. खिडकीशी एक तरुण मुलगी वर्षभराच्या बाळाला घेऊन बसली होती. पट्टा बांधायच्या आत काकूंनी आजूबाजूच्या तीन रांगांना कळवलं, "माजा मानूस पुढं हाय. मोठ्या शीटवर."

"आमचेही पुढेच आहेत," खिडकीवाली म्हणाली. तिचा सूर काही अभिमानाचा नव्हता.

"तुला नि पोराला मागं ठेवून?"

"विमान कंपनीचे पॉइंट्स होते त्यांच्याकडे. एकट्यापुरते."

"कसलं पाइंट?" काकूंनी तिच्या नवऱ्याचा जो उद्धार केला, तो इथे लिहीत नाही. त्या मुलीला मात्र बरं वाटलेलं दिसलं.

विमान वर चढलं आणि काकू मान उंचावून पुढे पाहू लागल्या. त्यांची नजर पडद्यावर खिळली होती. "त्याला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "जेवन काय पायजे इचारलं तर कोन सांगंल?"

"देतील काहीतरी, काकू."

"तो नायच म्हननार. उपाशी ऱ्हाईल, पन मागनार नाय." मग थोड्या वेळाने, इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "पयलं असा नव्हता रं. शेतावर किती बोलायचा! बैलांशी, पानी लावताना पान्याशी. गाव उठलं, फ्लॅटमदी आलो, तवापासून बंदच झाला. आता घरान दोगं आनि आवाज नाय, म्हंजे घर खायाला उठतं. म्हनून मी दोगांचं बोलते."

मी पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात पडदा सरकला आणि एक तरुण लाजत लाजत आमच्या रांगेशी आला. खिडकीवालीचा नवरा. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग काकूंकडे. "आजी, तुम्ही पुढे जा. माझ्या सीटवर."

"मी? कनाला?"

"माझ्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"त्यांनी मला विचारलं, तुमची बायको कुठे आहे. मी म्हटलं, मागे. ते म्हणाले, माजी पन." तरुण कान खाजवू लागला. "मग म्हणाले, मंग आपून दोगं हितं काय करतो?"

खिडकीवाली खळखळून हसली. हवाईसुंदरी पुढे जाऊन परवानगी घेऊन आली. पण काकू जागच्या उठेनात.

"तो बोलला? सोताहून?"

"हो आजी. आणि माझी सीट सोडायला त्यांनीच सांगितलं. दोनदा."

काकूंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. मग त्या उठल्या आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना वाट करून द्यायला लावत, लग्नातल्या वरमाईच्या थाटात पुढे निघाल्या. त्यांच्या जागेवर बसलेल्या बापाकडे बाळ झेपावलं.

थोड्या वेळाने मी पाय मोकळे करायला उठलो, तेव्हा पडद्याच्या फटीतून ती दोघं दिसली. काकांच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता. ते बोलत होते. काय ते ऐकू आलं नाही, पण हातवारे करून, भुवया उंचावून, घाईघाईने बोलत होते. शेजारी काकू हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि अधूनमधून आपल्या नेहमीच्या आवाजात एवढंच विचारत होत्या, "मंग?"